संध्याकाळचा आवाज

६ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी जागा होतो. तुझ्या वहिनीला "झोपलेत म्हणून सांग" असं मीच खुणावलं. रागावू नकोस. संध्याकाळ झाली की मला हल्ली बोलायचाच कंटाळा येतो. तेव्हा आपलं जुनंच बरं. तू हॉस्टेलला होतीस तेव्हा मी डेपोच्या बाकावर बसून तुला पत्रं लिहायचो, तसंच आज पहिली फेरी सुटायच्या आधी लिहितोय.

इकडे सगळं ठीक. मी थकतो, एवढंच. बस चालवायला लागून वीसेक वर्षं झाली, थकायची वेळ झालीच म्हणायची. सकाळी गडी एकदम टकाटक असतो, पण दुपार कलली की कोणीतरी अंगातली हवा सोडून दिल्यासारखं होतं. चष्म्याचा नंबर पुन्हा तपासून घेतला. चष्मेवाला म्हणाला, डोळ्यांना काही झालेलं नाही, तुम्हीच वैतागलेले दिसता. जेवायला मला इतका वेळ लागतो की तुझी वहिनी विचारते, रवंथ चाललंय का? आणि तिचं असंही म्हणणं आहे की मी हसलो तर कोणाच्या तरी अंगावर धावून जातोय असं वाटतं. म्हणून हसणंही जरा कमी केलंय.

तू कशी आहेस? मागच्या वेळी आलीस तेव्हा ताटावर बसल्याबसल्या डोळा लागला होता तुझा. मेंदूच्या डॉक्टरने आपल्याही मेंदूला अधूनमधून सुट्टी द्यावी, असं या अडाणी भावाचं मत.

तुझा
दादा

१५ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पत्र मिळालं. दोन रुग्णांच्या मध्ये वाचलं आणि तशीच मध्येमध्ये उत्तर लिहितेय.

थकवा म्हणशील तर इथे कोण थकलेलं नाही? आज बाहेर बाकं पुरली नाहीत, लोक जिन्यावर बसले होते. सकाळी एक शिंपी आला, हात थरथरतो म्हणून सुईत दोरा जात नाही. मग एक आई, मुलीला शाळेत फिट येते आणि बाई तिला घरी पाठवून देतात म्हणून रडत होती. तुझ्यापेक्षा लहान असा एक माणूस अर्धांगाने एका बाजूने लुळा पडून आला. घरच्यांनी त्याला आदल्या दिवसभर तेल चोळलं होतं. आमच्याकडे लगेच आणला असता तर कदाचित चालत घरी गेला असता. हे त्याच्या बायकोला कसं सांगायचं? मी सांगितलंच नाही. लोकांना वाटतं आम्ही डोक्यातलं काहीतरी दुरुस्त करतो. खरं म्हणजे निम्म्या लोकांना मी एवढंच सांगते, की याला काय म्हणतात आणि याच्यासोबत कसं जगायचं. हे दिवसभर सांगून घरी आले की कुलूप उघडायचंही जिवावर येतं.

तू रक्त तपासून घे. साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन. आणि झोप नीट घे. या वयात एवढं चालायचंच.

ठमी

२० मार्च

दादा,

काल वहिनीचा फोन आला. मग तू बोललास. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही, म्हणून सरळच लिहिते.

भर रस्त्यात, प्रवाशांनी भरलेली बस मधोमध उभी करून तू स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलास. मागे गाड्यांची रांग, लोकांची आरडाओरड. डेपोच्या साहेबांनी दारू तपासायच्या यंत्रात फुंकायला सांगितलं, तर नीट फुंकलं नाहीस. आता तू निलंबित आहेस आणि वहिनी म्हणते, काही विचारलं तर भिंतीकडे तोंड करून झोपतोस.

तरीही मी म्हटलं, काहीतरी गैरसमज असेल. मग तू फोनवर आलास. तुझे शब्द एकमेकांना चिकटत होते. नाकातून येत होते. दादा, तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. बाबा जिना चढायला लागले की तो आवाज यायचा, आणि आपण दोघं दिवा मालवून झोपल्याचं सोंग घ्यायचो. रस्त्यात बाबा समोरून झोकांड्या खात आले की तू माझा हात धरून मला पलीकडच्या फुटपाथवर न्यायचास. तूच.

मी रागावलेली नाही. दारूने नसा जळून पाय बधिर झालेली माणसं माझ्याकडे रोज येतात, त्यांनाही मी ओरडत नाही. फक्त खरं सांग. कधीपासून? आणि किती?

ठमी

२८ मार्च

डॉक्टरीणबाई,

तुमचं पत्र मिळालं. तुझ्या वहिनीला दाखवलं नाही. तिने तुझ्याकडे मदत मागितली होती, तिला हे पाहून काय वाटलं असतं?

कधीपासून, किती, असं विचारलंस. तर कधीच नाही, आणि थेंबभरही नाही.

यंत्रात मी फुंकलं. फुंकलं गं मी! पण गाल साथ देईनात. ओठांच्या कोपऱ्यांतून सगळी हवा निसटून गेली, नळीत गेलीच नाही. साहेब म्हणाले, नाटकं करतोय. माझं रक्त काढून तपासा, असं मला म्हणायचं होतं, पण तोवर जीभ अशी जड झाली होती की माझं बोलणं ऐकून कंडक्टरनेच मान फिरवली. हाच कंडक्टर इतकी वर्षं माझ्या डब्यातलं खात आलाय. त्यानंतर मी काही बोललोच नाही. बोललो की बेवडाच ठरणार होतो.

मला बाकावर आणून टाकलं. डोळे मिटून पडून राहिलो. उठलो तेव्हा खणखणीत बोलत होतो. साहेब म्हणाले, "उतरली वाटतं."

दारू पिणारा माणूस घटकाभर पडून असा ताजा होतो का? तू डॉक्टर आहेस, तूच सांग. आणि त्याच आठवड्यात सकाळी तू फोन केला होतास. शब्दकोड्यातल्या एका शब्दावरून आपण भांडलो. तेव्हा माझा आवाज कसा होता? सकाळी ठणठणीत, संध्याकाळी झिंगलेला. एवढा शिस्तीचा बेवडा तू कधी पाहिलायस?

बाबांचं नाव काढायला नको होतंस. बाकी कोणीही काढलं असतं तर चाललं असतं.

दादा

१ एप्रिल

दादा,

तुझं पत्र बाह्यरुग्ण विभागातच उघडलं आणि समोर बसलेल्या बाईंना "दोन मिनिटं हं" म्हणून उठून खिडकीशी गेले. माफी नंतर मागेन. आधी हे वाच आणि वहिनीलाही वाचायला दे.

संध्याकाळी, तू थकलेला असताना, वहिनीला समोर बसव. मान न हलवता वर छताकडे बघत राहा. पापण्या हळूहळू खाली येतात का, ते तिने पाहायचं. मग मोठ्याने आकडे म्हणत जा. आवाज मध्येच नाकात जातो का, विरतो का? आणि जी पापणी जास्त पडते तिच्यावर, डोळा मिटून, फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ धरा. बर्फ काढल्यावर पापणी वर राहते का ते बघा. वस्तू दोन-दोन दिसतात का, तेही खरंखरं सांग. ते तू लपवतोयस अशी मला शंका आहे.

मला वाटतं ते हेच असेल तर तुला मायस्थेनिया नावाचा आजार आहे. मेंदू हुकूम सोडतो, नसा तो स्नायूच्या दारापर्यंत नेतात, पण शरीराचेच पहारेकरी चुकून ती दारं अडवून बसतात. सुरुवातीला काही निरोप आत जातात, मग जाईनासे होतात. म्हणून वापरला की स्नायू दमतो, विसावला की परत चालू लागतो. पापण्या, जबडा, जीभ, गाल. यात श्वासाचे स्नायूही येतात, म्हणून मला घाई आहे.

याला औषधं आहेत. लगेच ये. आणि मला विचारल्याशिवाय साधी गोळीही घेऊ नकोस, काही औषधांनी हा आजार उसळतो.

तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता. एवढंच आत्ता.

ठमी

९ एप्रिल

ठमे,

बर्फाचा प्रयोग झाला. पाणी कानात, गळ्यात, सगळीकडे. तुझी वहिनी म्हणाली, लग्न झाल्यापासून इतका वेळ तुमच्या डोळ्यात पाहिलं नव्हतं. पण बर्फ काढला तर पापणी चक्क वर! ती एकदम रडायला लागली. मी म्हटलं, अगं, बरी झाली की, रडतेस काय? तर म्हणते, "मी पण तुमच्या तोंडाचा वास घेऊन पाहिला होता, तुम्ही झोपलेले असताना."

आकडे म्हणायला लागलो आणि थोड्या वेळात माझं मलाच कळेना काय म्हणतोय ते.

लगेच निघणार होतो, पण घसा धरलाय आणि ताप आहे. इथल्या डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्यात, त्या तुझं पत्र यायच्या आधीच सुरू केल्या होत्या. ताप उतरला की येतो. तुझ्यावरचा राग पूर्ण गेलाय असं नाही. थोडा आहे. तोही सोबत घेऊन येतो.

आज अक्षर वेडंवाकडं आहे. मान उशीला टेकवून लिहितोय.

दादा

२६ एप्रिल (तारीख सिस्टरला विचारली)

ठमे,

घशात नळी, बोलता येत नाही. सिस्टरने पॅड दिलंय. तू सकाळी येऊन गेलीस तेव्हा जागा होतो, पापण्या उघडता आल्या नाहीत. तू माझे पाय चेपत होतीस. तू एवढी मोठी डॉक्टर, पण पाय चेपता येत नाहीत तुला.

एक सांगायचं राहिलंय. बस का थांबवली ते. एक मुलगी दप्तर घेऊन रस्ता ओलांडत होती. मला दोन दिसल्या. दोघी चालत होत्या, दोघींचं दप्तर लाल. खरी कुठली ते कळेना. एकीला चुकवायला गेलो तर दुसरी खरी असली तर? म्हणून ब्रेक दाबला आणि मग पाय काढायची हिंमत झाली नाही. खाली उतरून बघितलंही नाही. ती गेली असेल निघून. एकच होती ती. पण अजून रोज दोघी दिसतात.

दोन दिसायला लागून बरेच दिवस झाले होते. एक डोळा मिटून चालवायचो. गाडी हातातून जाईल म्हणून सांगितलं नाही. आता हात दुखतो.

दादा

८ जून

प्रिय दादा,

तू घरी पोचलास, जिना थांबत थांबत का होईना पण स्वतः चढलास, हे वहिनीने कळवलं. हॉस्पिटलात मी तुझ्या समोर असायचे पण बोलायचे फक्त गोळ्यांबद्दल. म्हणून हे पत्र.

तुला आणलं त्या दिवशी तुझ्या छातीचा भाता हलत नव्हता. घशाच्या त्रासाने आणि त्या कॅप्सूलने मिळून डाव साधला. तू माझा भाऊ, म्हणून माझ्या सरांनी तुला स्वतःच्या देखरेखीखाली घेतलं आणि मला सरळ बाहेर जायला सांगितलं. रक्तातले ते चुकलेले पहारेकरी यंत्रातून गाळून काढत होते तेव्हा मी वहिनीबरोबर बाहेरच्या बाकावर बसले होते. ज्या दारातून मी रोज आत-बाहेर करते, त्या दाराच्या या बाजूला मी पहिल्यांदाच बसले. एक ज्युनिअर मुलगा घाईने बाहेर आला, वहिनीला म्हणाला, "थोडं थांबा, सांगतो," आणि गेला तो गेलाच. असंच मीही किती जणांना म्हटलंय. वहिनी मला विचारत होती, "थोडं म्हणजे किती?"

ती नळी निघाली आणि तू पहिलं वाक्य बोललास ते "कंडक्टरला सांगा" असं होतं. काय सांगायचं ते तुलाही आठवत नाही म्हणालास. सरांनी डेपोला सविस्तर पत्र लिहिलंय. या आजारात माणसाला फुंकर मारता येत नाही, हे त्यात ठळक लिहायला मी लावलं.

आता गोळ्या वेळेवर. दुपारी पडायचं म्हणजे पडायचं. छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते, ती तुझ्या बाबतीत सुजलेली आहे आणि हे सगळं तिथूनच चिघळतं. तब्येत सावरली की ती काढून टाकू. त्यानंतरही फरक पडायला बराच काळ लागेल. हा आजार जाईल असं मी तुला सांगणार नाही. पण ताब्यात राहील, असं छातीवर हात ठेवून सांगते.

मी कशी आहे विचारशील. दमलेय. काल घरी आले आणि चपलांसकट पलंगावर पडले, सकाळी उठले तेव्हाही पायात चपला होत्या.

ठमी

३० सप्टेंबर

प्रिय ठमे,

ऑपरेशनची जखम भरली. शिंकताना छातीला उशी दाबून धरतो, बाकी छान. पापण्या संध्याकाळपर्यंत टिकतात. परवा एक अख्खं सफरचंद मी सलग खाल्लं आणि कोणाला तरी सांगावं म्हणून आजूबाजूला पाहिलं, तर घरात कोणीच नव्हतं.

डेपोने निलंबन मागे घेतलं. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. बरं बोलले, पण कोणीच माझ्याकडे बघत नव्हतं. कंडक्टर घरी आला. बराच वेळ पंख्याकडे बघत बसला, मग म्हणाला, "मी मान फिरवायला नको होती." मी म्हटलं, माझी बहीण मेंदूची डॉक्टर आहे, तिनेही फिरवली होती, तुझं काय घेऊन बसलास. राग मानू नकोस, त्याला बरं वाटावं म्हणून म्हणालो.

साहेब म्हणाले, पुढेमागे डॉक्टरांनी लेखी दिलं तर गाडी परत मिळू शकेल. मीच नको म्हटलं. लाल दप्तराच्या दोन मुली अजून गेलेल्या नाहीत. नव्या ड्रायव्हरांना शिकवायचं काम मागितलंय. शेजारी बसून बडबड करायची. सकाळच्या पाळीत.

आता एक विचारतो. फार दिवस मनात आहे, हॉस्पिटलात पडल्यापासून. बाबांचीही जीभ संध्याकाळीच जड व्हायची ना? पापण्या अर्ध्या मिटलेल्या. झोकांड्या जायच्या. सकाळी चांगले असायचे, आठवतं? कामावर जायच्या आधी तुझी वेणीसुद्धा घालायचे. मग त्यांनाही हेच नसेल कशावरून? तेव्हा कोणाला माहीत होतं हे? असं असेल तर आपण त्यांच्याशी काय वागलो, ठमे.

नीट विचार करून सांग.

दादा

११ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नीट विचार केला. असं उत्तर द्यावं की तुला बरं वाटेल, हा विचारही केला. पण वर्षभर आपण एकमेकांना पुरेसं खोटं सांगितलंय.

नाही, दादा. बाबा प्यायचे. त्यांच्या सकाळी चांगल्या नसायच्या, तू मला तसं भासवायचास. माझी वेणी घालताना त्यांचे हात थरथरायचे, म्हणून ती वाकडी व्हायची आणि शाळेच्या कोपऱ्यावर तू ती सोडून पुन्हा घालायचास. ते मोरीत जाऊन आले की हात थांबायचे. ते का थांबायचे, हे मला डॉक्टर झाल्यावर कळलं. शेवटी शेवटी त्यांना पायांखालची जमीन कळत नव्हती, तेही त्याचंच.

पण एवढं सांगते. असे हात, असे पाय माझ्याकडे रोज येतात. त्यांना मी ओरडत नाही असं मी तुला लिहिलं होतं. ते खरं आहे. पण मी त्यांच्याकडे बघतही नाही. हातोडीने गुडघ्यावर ठोकते, लिहून देते, पुढचा. मागच्या आठवड्यात असाच एक जण आला होता. तुझं पत्र पर्समध्ये होतं. मी त्याला विचारलं, सकाळी हात थरथरतात तेव्हा कसं वाटतं? तो म्हणाला, "लाज वाटते. मग ती घालवायला घेतो." बाहेर लोक खोळंबले होते. मग मी त्याला दारू सोडवणाऱ्या डॉक्टरांकडे नुसती चिठ्ठी न देता स्वतः घेऊन गेले. मजला एकच खाली, पण त्याला चालायला वेळ लागला. तो टिकेल की नाही, सांगता येत नाही. बरेच टिकत नाहीत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर "हो" असं असतं तर मलाही बरं वाटलं असतं.

ठमी

२ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

मला माहीतच होतं. मोरीतली बाटली मीच ओतून द्यायचो, आणि मार कोणी खाल्ला तेही तुला ठाऊक आहे. तरी विचारलं. कारण मधले कित्येक दिवस मी बाजारात गेलो की लोक बाजूला व्हायचे. दुकानदार सुटे पैसे हातात न देता काउंटरवर ठेवायचा. मी तर प्यालोच नव्हतो, माझ्याकडे खरं सांगायची सोय होती. बाबांना ते रोज सहन करावं लागलं आणि सांगायलाही काही नव्हतं. ते प्यायचे हे खरंच. पण तेवढंच ते नव्हते.

आता कालची गोष्ट. शिकवणीतला एक नवा ड्रायव्हर सकाळी आला तो वास घेऊनच. चांगला पोरंबाळं असलेला माणूस. बाकीचे एकमेकांना कोपरखळ्या मारत होते. मी किल्ली मागितली. म्हणाला, "मास्तर, रात्रीची आहे, आत्ताची नाही." मी म्हटलं, किल्ली दे. दिली. साहेबांना सांगावं लागलं, त्यात सवलत नाही, तो रस्ता आहे. त्याच्या बायकोला बोलावून घेतलं, पण तिला यायला वेळ होता.

तो बाकाच्या टोकाला एकटाच बसला होता. चहाच्या टपरीकडे जाणारे सगळे लांबून वळून जात होते. मीही निघालो होतो, माझी गोळीची वेळ झाली होती. मग परत आलो आणि त्याच्या शेजारी बसलो. तो म्हणाला, "मास्तर, तुमच्यावर तर खोटाच आळ आला होता. माझं तसं नाही." मी म्हटलं, "माहीत आहे." मग टपरीवरून चहा मागवला. त्याचे हात थरथरत होते, म्हणून कप मीच धरला.

त्याची बायको आली. आमच्या दोघांकडे बघितलं आणि तिला कळेना नक्की कोणाला घरी न्यायचंय. कारण तोवर माझ्याही पापण्या पडायला लागल्या होत्या.

तुझा
दादा